पुनरावृत्त प्रथिने आणि जनुकाची बांधणी

पैठणीचा रेशमी धागा, हाडांना चिवटपणा देणारे कोलॅजेन, त्वचेचा ओलावा टिकविण्यास मदत करणारे फिलॅग्रिन आणि अंटार्क्टिक समुद्रातील माशांचे रक्त गोठू न देणारे द्रव्य या चार पदार्थांत वरकरणी काहीच साम्य दिसत नाही. तथापि ही चारही प्रथिने आहेत आणि त्यांची घडण एकाच तत्त्वावर झालेली आहे. अमिनो आम्लांचा एक ठरावीक क्रम त्यांच्यात एकापुढे एक असा पुनःपुन्हा येतो. कधी दहा-बारा वेळा, कधी शेकडो वेळा. अशा प्रथिनांना पुनरावृत्त प्रथिने असे म्हणतात.

या प्रथिनांचे गुणधर्म पुनरावृत्तीवर अवलंबून असल्यामुळे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. पिढ्यानुपिढ्या ही पुनरावृत्ती वाढते कशी, घटते कशी आणि काही प्रथिनांत ती कोट्यवधी वर्षे जवळजवळ जशीच्या तशी का राहते? नैसर्गिक निवड हे याचे एक उत्तर आहे, परंतु ते अपुरे आहे. निवडीपुढे कोणते बदल येतील हे बऱ्याच अंशी जनुकाची बांधणी ठरविते. पुनरावृत्ती एकाच सलग खंडात साठविलेली आहे की लहान लहान तुकड्यांत विभागलेली आहे, यावर त्या प्रथिनाचा पुढील इतिहास मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. मानवी रोगांच्या काही कोड्यांचा उलगडाही याच ठिकाणी होतो.

तीन अक्षरांची भाषा

जनुक म्हणजे डीएनएच्या रेणूवरील चार प्रकारच्या रासायनिक अक्षरांत लिहिलेला मजकूर. पेशी तो तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचते. प्रत्येक तिकडीचा अर्थ एक अमिनो आम्ल असा असतो. काही तिकड्यांचा अर्थ ‘येथे थांबा’ असा असतो. तिकड्यांची मोजणी कोठून सुरू होते, यास वाचनचौकट म्हणतात.

मराठीतील तीन-तीन अक्षरी शब्दांचे उदाहरण घेतल्यास चौकटीचे महत्त्व लक्षात येईल. ‘नगर सदन कमल भवन’ या ओळीत पहिल्या शब्दानंतर ‘प’ हे एकच अक्षर घुसले आणि वाचन मात्र तीन-तीन अक्षरांनीच चालू राहिले, तर ओळ ‘नगर पसद नकम लभव न’ अशी होते. पुढचा सारा अर्थ नष्ट होतो. याउलट ‘सदन’ हा संपूर्ण शब्दच गळला, तर बाकीचे शब्द शाबूत राहतात. म्हणजेच तीनने भाग जाणाऱ्या संख्येने झालेली वाढ वा घट चौकट मोडीत नाही. अन्य संख्येने झालेली मोडते.

१९७७ मध्ये या चित्रात एक अनपेक्षित भर पडली. उच्च दर्जाच्या सजीवांत जनुकाचा मजकूर सहसा सलग नसतो, असे फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या स्वतंत्र संशोधनातून दिसून आले. अर्थपूर्ण खंडांच्या मध्ये असे भाग असतात की जे आरएनएच्या प्रतीतून कापून टाकले जातात आणि उरलेले खंड एकमेकांना जोडले जातात. या शोधासाठी त्या दोघांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. टिकणाऱ्या खंडांना ‘एक्सॉन’ आणि कापल्या जाणाऱ्या भागांना ‘इंट्रॉन’ ही नावे वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये सुचविली. जनुके तुकड्यांत असल्यामुळे ते तुकडे नव्याने जुळवून नवी प्रथिने घडविणे उत्क्रांतीला सोपे जात असावे, असा विचारही त्यांनी त्याच वेळी मांडला होता. मात्र त्यासाठी एक अट आहे. एक्सॉनची लांबी तीनच्या पटीत असली, तरच तो वाढला वा गळला असता पुढील चौकट शाबूत राहते.

पुनरावृत्ती वाढते कशी

पुनरावृत्त मजकूर मुळातच अस्थिर असतो आणि त्याची कारणे मुख्यतः दोन आहेत. पहिले कारण प्रत काढताना होणारी घसरण. डीएनएची नक्कल होत असताना नवा धागा जुन्या धाग्यावरून क्षणभर सुटला आणि पुन्हा चिकटताना एक घर मागे किंवा पुढे चिकटला, तर एखादे एकक जास्त लिहिले जाते अथवा वगळले जाते. एकाच शब्दाने भरलेले पान उतरवून घेताना लेखनिकाची ओळ चुकावी, तसाच हा प्रकार आहे.

दुसरे कारण असमान अदलाबदल. बीजपेशी तयार होताना आईकडून व वडिलांकडून आलेली गुणसूत्रे शेजारी येऊन तुकड्यांची देवाणघेवाण करतात. मजकूर पुनरावृत्त असल्यास एका गुणसूत्रावरील तिसरे एकक दुसऱ्यावरील चौथ्यासमोर येऊ शकते. मग प्रत्येकी बारा एकके असलेल्या दोन जनुकांतून एक अकरा एककांचे आणि एक तेरा एककांचे जनुक निर्माण होते. जॉर्ज स्मिथ यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की ज्या डीएनएवर निवडीचे बंधन नाही, त्यात केवळ या यादृच्छिक अदलाबदलीने आपोआप पुनरावृत्ती निर्माण होऊ शकते. याच स्मिथ यांना पुढे २०१८ मध्ये एका सर्वस्वी वेगळ्या कामासाठी, विषाणूंच्या पृष्ठभागावर प्रथिने प्रदर्शित करण्याच्या तंत्रासाठी, रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या दोन्ही प्रक्रियांना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे एकमेकांशी तंतोतंत जुळणाऱ्या अक्षरांची लांब रांग. रांग जितकी सलग आणि एकसारखी, तितकी चूक होण्याची शक्यता अधिक. जनुकाच्या बांधणीचा संबंध येथे येतो.

रेशीम : एकच लांब खंड

तुतीच्या पानांवर पोसल्या जाणाऱ्या रेशीमकिड्याच्या धाग्याचा मुख्य घटक फायब्रॉइन हा आहे. देशात तुतीच्या रेशमाचे सर्वाधिक उत्पादन कर्नाटकात होते, आणि त्या प्रत्येक कोशाच्या गाभ्यात हेच प्रथिन असते. त्याच्या जड साखळीच्या जनुकाचा संपूर्ण क्रम २००० साली प्रसिद्ध झाला. या साखळीत ५,२६३ अमिनो आम्ले असून त्यांतील सुमारे ४६ टक्के ग्लायसिन, ३० टक्के ॲलानिन आणि १२ टक्के सेरीन आहे. ग्लायसिन-ॲलानिन-ग्लायसिन-ॲलानिन-ग्लायसिन-सेरीन या सहा आम्लांचा क्रम तिच्यात वारंवार येतो. अशा साखळ्या एकमेकींवर पत्र्यांसारख्या घट्ट रचल्या जातात आणि त्यातून रेशमाची बळकटी येते.

या जनुकात एक्सॉन दोनच आहेत. पहिला अवघ्या ६७ अक्षरांचा, मध्ये ९७१ अक्षरांचा इंट्रॉन आणि त्यानंतर १५,७५० अक्षरांचा दुसरा एक्सॉन. सारी पुनरावृत्ती या दुसऱ्या खंडात एका ओळीत मांडलेली आहे. घसरणीला आणि असमान अदलाबदलीला यापेक्षा मोकळे मैदान मिळणार नाही. म्हणूनच रेशीमकिड्यांच्या निरनिराळ्या वाणांत या जनुकाच्या अंतर्गत रचनेत व लांबीत मोठी विविधता आढळते. धागा थोडा लांब वा आखूड साखळीचा असला, तरी कोश विणला जातो. त्यामुळे निवडही या फरकांना फारसा अटकाव करीत नाही.

टसर रेशमाच्या कुळातील ओकवृक्षावरील चिनी किड्याशी तुलना केल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. त्याच्या फायब्रॉइनमध्ये वरील सहा आम्लांचा क्रम नसून ॲलानिनच्या सलग रांगा आहेत. जनुकाची बांधणी मात्र तशीच आहे : एक इवला एक्सॉन, एक इंट्रॉन आणि मग पुनरावृत्तीने भरलेला एक प्रचंड एक्सॉन. साचा टिकला आणि आतील मजकूर पूर्णपणे बदलला.

कोलॅजेन : चोपन्न अक्षरांचे माप

कोलॅजेनची कथा याच्या नेमकी उलट आहे. हाडे, स्नायुबंध, त्वचा व डोळ्याचे पारदर्शक पटल यांना आधार देणाऱ्या या प्रथिनात दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असते. त्याचे कारण गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी मद्रास विद्यापीठात १९५४ व १९५५ मध्ये मांडलेल्या त्रिसर्पिल रचनेवरून समजते. तीन साखळ्या एकमेकींभोवती दोरखंडाप्रमाणे वळल्या असता मध्यभागी इतकी थोडी जागा उरते की तेथे सर्वांत लहान अमिनो आम्लच मावू शकते, आणि ते म्हणजे ग्लायसिन.

मानवी कोलॅजेनच्या पहिल्या प्रकारात ही तिहेरी लय ३३८ वेळा, म्हणजे १,०१४ अमिनो आम्लांपर्यंत, एकदाही न चुकता चालते. पुनरावृत्तीच्या काटेकोरपणात ती रेशमाच्या तोडीची आहे. परंतु तिच्या एका साखळीचे जनुक ५१ एक्सॉनांत विभागलेले आहे. त्रिसर्पिल भाग सांगणारे बहुतेक एक्सॉन ५४ अक्षरांचे किंवा त्याच्या दुपटी-तिपटीचे आहेत. काही ४५ वा ९९ अक्षरांचे आहेत. ५४ अक्षरे म्हणजे १८ अमिनो आम्ले, म्हणजेच ग्लायसिनने सुरू होणाऱ्या सहा पूर्ण तिकड्या. ४५ व ९९ या संख्यांनाही नऊने भाग जातो. एकही एक्सॉन लय अर्धवट तोडीत नाही. मुळात ५४ अक्षरांचा एकच खंड असावा आणि तो पुनःपुन्हा दुणावत जाऊन हे जनुक तयार झाले असावे, असा निष्कर्ष संशोधकांनी १९८० मध्ये काढला. ५४ अक्षरांच्या मापाची ही खूण अत्यंत प्राचीन प्राण्यांपैकी असलेल्या स्पंजांच्या कोलॅजेन जनुकातही सापडते.

या विभागणीचे दोन परिणाम झाले. ग्लायसिनची जागा ठरलेली असली, तरी मधल्या दोन जागांवर वेगवेगळी आम्ले येत असल्याने प्रत्येक एक्सॉनचा मजकूर आपल्या शेजाऱ्याहून थोडा निराळा आहे. शिवाय दोन एक्सॉनांच्या मध्ये निरनिराळ्या लांबीचे व मजकुराचे इंट्रॉन आहेत. त्यामुळे तंतोतंत जुळणारी लांब रांग कोठेच राहत नाही आणि पुनरावृत्तीची संख्या गोठून जाते. पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनच्या दोन साखळ्यांची जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत. एक सुमारे १८ हजार अक्षरांचे, तर दुसरे सुमारे ३८ हजार अक्षरांचे आहे. हा फरक प्रामुख्याने इंट्रॉनांचा आहे. एक्सॉनांचा आराखडा दोन्हींत जवळजवळ सारखा आहे.

येथे लांबी गोठणे आवश्यकही आहे. तीन साखळ्या एकमेकींत गुंफल्या जात असल्यामुळे एकीची लांबी बदलली की सगळा दोर बिघडतो. एखादा ५४ अक्षरांचा एक्सॉन जोडकामात वगळला गेला तर वाचनचौकट शाबूत राहते, परंतु आखूड साखळी इतर दोघींशी जुळत नाही आणि ऊतकांचे विकार संभवतात. एखाद्या ग्लायसिनच्या जागी दुसरे आम्ल आले, तर जन्मतः ठिसूळ हाडांचा विकार उद्भवू शकतो.

तुकड्यांच्या बांधणीचा आणखी एक लाभ स्नायूंमधील टायटिन या महाकाय प्रथिनात दिसतो. त्याच्या मानवी जनुकात ३६३ एक्सॉन आहेत आणि स्प्रिंगप्रमाणे ताणला जाणारा भाग अनेक लहान एक्सॉनांत वाटलेला आहे. जोडकामात यांतील किती ठेवायचे यावर स्प्रिंगची लांबी ठरते. गर्भावस्थेतील हृदयात ती लांब व लवचीक असते. जन्मानंतर ती आखूड व ताठर होत जाते. जनुक एकच असून पुनरावृत्तीची संख्या गरजेप्रमाणे बदलता येते. सलग एक्सॉनात ही सोय नसती.

कोळ्याचे जाळे : भिंतीही सारख्या झाल्या तर

इंट्रॉन ही पुनरावृत्तींमधील भिंत असली, तरी ती प्रत्येक वेळी उपयोगी पडतेच असे नाही. कोळ्यांच्या अनेक रेशमांची जनुके रेशीमकिड्याप्रमाणेच सलग आहेत. ‘ब्लॅक विडो’ या कोळ्याच्या आधारधाग्याच्या दोन प्रथिनांची जनुके प्रत्येकी एकाच प्रचंड एक्सॉनची असल्याचे २००७ मध्ये आढळले. परंतु जाळ्यातील भक्ष्य पकडणाऱ्या ताणक्षम वर्तुळाकार धाग्याचे जनुक निराळे निघाले. शेरिल हयाशी व रँडॉल्फ लुईस यांनी २००० मध्ये नेफिला या वंशातील कोळ्यांवर केलेल्या अभ्यासात त्यात एक्सॉन व इंट्रॉन एकाआड एक येतात असे दिसले. आश्चर्य असे की एकाच जनुकातील इंट्रॉन परस्परांशी एक्सॉनांपेक्षाही अधिक सारखे होते.

याचा अर्थ असा की येथे एक्सॉन आणि त्याला लागून असलेला इंट्रॉन ही जोडीच पुनरावृत्तीचे एकक बनली आणि अदलाबदलीत तीच एकसारखी होत गेली. भिंत वेगळ्या मजकुराची असेल तरच ती भिंत ठरते. तीही शेजारच्या भिंतीची नक्कल झाली, तर अदलाबदलीला ती रोखत नाही, उलट मदतच करते.

अंटार्क्टिकाचा मासा : सीमारेषेवरचा जन्म

बांधणीचा प्रभाव पुनरावृत्तीच्या जन्मावरही पडतो. ज्या अंटार्क्टिकावरील भारतीय मोहिमांची सूत्रे गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून हलतात, त्या खंडाभोवतीच्या समुद्राचे तापमान उणे १.९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. सामान्य माशाचे रक्त त्याआधीच गोठेल. आर्थर डीव्हरीज यांनी १९६० च्या दशकात दाखविले की तेथील माशांच्या रक्तात बर्फाच्या स्फटिकांना वाढू न देणारे गोठणरोधक प्रथिन असते. थ्रिओनीन-ॲलानिन-ॲलानिन या तीन आम्लांची पुनरावृत्ती आणि तिला जोडलेली शर्करा, एवढीच त्याची घडण.

१९९७ मध्ये लिआंगबिआओ चेन, डीव्हरीज आणि ची-हिंग चेंग यांनी त्याचे मूळ शोधून काढले. हे जनुक ट्रिप्सिनोजेन या पाचकद्रव्याच्या जनुकापासून निघाले आहे. त्या जुन्या जनुकातील पहिल्या इंट्रॉनच्या व दुसऱ्या एक्सॉनच्या सीमेवर नऊ अक्षरांचा एक तुकडा होता. त्याचा अर्थ योगायोगाने थ्रिओनीन-ॲलानिन-ॲलानिन असा होत होता. तो तुकडा दुणावत गेला. पहिल्या एक्सॉनने प्रथिनाला पेशीबाहेर पाठविण्याची आयती खूण पुरविली आणि जनुकाचा शेवटचा भागही जुनाच राहिला. मधला पाचक भाग मात्र गळून पडला. पुढे एका जनुकात अशा गोठणरोधक प्रथिनांच्या चाळीसहून अधिक प्रती एकापुढे एक जमा झाल्या. उत्तर ध्रुवीय कॉड माशांत जवळजवळ असेच प्रथिन आढळते, पण त्याचा उगम अगदी वेगळा, प्रथिन न सांगणाऱ्या डीएनएमधून झालेला आहे. तीन आम्लांची ही लय दोन ध्रुवांवर दोन स्वतंत्र वाटांनी निर्माण झाली.

त्वचा आणि मूत्रपिंड

या ज्ञानाचे वैद्यकातील मोल फिलॅग्रिनच्या उदाहरणातून कळते. या जनुकाला तीन एक्सॉन असून तिसरा १२ हजारांहून अधिक अक्षरांचा आहे. त्यात ९७२ अक्षरांचे, म्हणजे ३२४ अमिनो आम्लांचे एकक ओळीने येते. कोणाच्या जनुकात ते दहा वेळा, कोणाच्या अकरा, तर कोणाच्या बारा वेळा असते. एककांची संख्या जास्त असलेल्यांत इसबाचा धोका काहीसा कमी दिसतो. या लांबलचक एक्सॉनात अकाली ‘थांबा’ असा संकेत निर्माण झाला, तर त्वचेचे संरक्षक कवच दुबळे होते. खवल्यांसारखी कोरडी त्वचा हा आनुवंशिक विकार अशा बदलांमुळे होतो आणि इसबाची प्रवृत्तीही त्यांनी वाढते, हे २००६ मध्ये डंडी येथील संशोधकांनी दाखविले. एककांमधील साम्यामुळे या जनुकाचे वाचन फार अवघड होते आणि त्यामुळेच हा शोध लांबला होता.

याहून गंभीर उदाहरण म्यूसिन-१ या प्रथिनाचे आहे. त्याच्या जनुकात ६० अक्षरांचे एकक २० ते १२५ वेळा सलग येते. प्रौढपणी मूत्रपिंडे निकामी करणाऱ्या एका आनुवंशिक रोगाचे मूळ या भागात असल्याचे २०१३ मध्ये सहा कुटुंबांच्या अभ्यासातून निष्पन्न झाले. असंख्य एककांपैकी एकातच, सायटोसिनच्या सात अक्षरांच्या रांगेत आठवे सायटोसिन घुसले होते. नेहमीच्या यंत्रांनी जनुक लहान लहान तुकड्यांत वाचले जात असल्याने हा बदल त्यांच्या नजरेतून निसटला होता. कोणता तुकडा कोणत्या एककातला, हे सांगण्याचा मार्गच नव्हता.

एका अक्षराने एवढा अनर्थ का व्हावा? ‘कमल कमल कमल कमल’ या ओळीत पहिल्या शब्दानंतर ‘प’ घुसविला, तर ‘कमल पकम लकम लकम ल’ असे वाचन होते. अर्थ गेला, पण पुनरावृत्ती गेली नाही. आता ‘लकम’ या निरर्थक शब्दाची पुनरावृत्ती सुरू झाली. सामान्य जनुकात चौकट सरकली की थोड्याच अंतरावर ‘थांबा’ असा संकेत लागतो आणि सदोष प्रथिन बहुधा तयारच होत नाही. म्यूसिन-१ मध्ये सरकलेल्या चौकटीतील पहिल्या एककात असा संकेत नाही आणि पुढची एकके त्याचीच नक्कल असल्यामुळे त्यांतही तो नाही. परिणामी पेशी एक लांबलचक, नवे आणि विपरीत प्रथिन तयार करीत राहते. ते पेशीत साचते आणि मूत्रपिंडाची सूक्ष्म नळीका हळूहळू निकामी होते. आज लांब तुकडे सलग वाचणारी यंत्रे व खास चाचण्या यांमुळे कुटुंबातील कोणाला हा बदल मिळाला आहे हे सांगता येऊ लागले आहे. मूत्रपिंड दान करू इच्छिणाऱ्या नातेवाइकाच्या बाबतीत ही माहिती निर्णायक ठरते.

साचा आणि निवड

९, ५४, ६० आणि ९७२ या लेखात आलेल्या चारही एककांच्या लांबीला तीनने भाग जातो. ज्या पुनरावृत्तीच्या लांबीला तीनने भाग जात नव्हता, ती वाढताना चौकट मोडली आणि ती बहुधा टिकली नाही. जी टिकली, तिचे पुढील वर्तन तिच्या मांडणीने ठरविले. सलग एक्सॉनात ती वेगाने बदलली, वेगळ्या मजकुराच्या इंट्रॉनांनी विभागलेली असता स्थिरावली आणि सीमेवर सापडली तेव्हा नव्या कार्याला जन्म देऊन गेली.

बांधणी सर्व काही ठरविते असे मात्र मानू नये. कोलॅजेनचा काटेकोरपणा त्रिसर्पिल रचनेच्या गरजेने टिकला आहे आणि रेशमाचे स्वातंत्र्य धाग्याच्या सहनशीलतेने. निवड काय टिकवायचे ते ठरविते. बांधणी तिच्यापुढे कोणते पर्याय यावेत ते ठरविते. सलग खंडाने रेशीमकिड्याला जी मुभा दिली, तिचीच किंमत म्यूसिन-१ च्या रुग्णाला मोजावी लागते. यास्तव पुनरावृत्त प्रथिनाचा अभ्यास करताना त्यातील अमिनो आम्लांची यादी पुरेशी होत नाही. ती यादी जनुकात कशी मांडली आहे, हेही पाहावे लागते.